जुन्या ज्वारीचं घर

आठ दिवसांचं शिळं पाणी पिऊन तीन वर्षं काढलेली बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला पाहून घ्या. देऊळघाटच्या शाळेत लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. सोनाळ्याहून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आले होते. हेडमास्तर म्हणाले, एका नवराबायकोकडे खोली रिकामी आहे, मूलबाळ नाही, माणसं सोन्यासारखी आहेत, फक्त त्यातले नाना जरा... आणि पुढे ते नुसतेच हसले. का हसले ते मला त्याच संध्याकाळी कळलं. तहान लागली म्हणून ओसरीतल्या रांजणाचं झाकण उचललं, तर मागून आवाज आला, "तो नाही, तो नाही! तो शुक्करवार हाय!"

ओसरीत भिंतीला लागून ओळीनं सात रांजण पुरलेले होते. पहिला सोमवार, शेवटचा रविवार. सोमवारी जे पाणी विहिरीवरून आणायचं ते सोमवारच्या रांजणात भरायचं आणि प्यायचं पुढच्या सोमवारी. विहीर आटो, दोर तुटो, गावात रोगराई येवो, घरात आठवड्याचं पाणी तयार. आता आपली रीत काय? रात्रीचं पाणी सकाळी शिळं. ते झाडाला घालायचं, भांडं घासायचं आणि ताजं भरायचं. माझ्या आईनं शिळ्या पाण्याचा पेला दुष्मनालासुद्धा दिला नसता. आणि माझा स्वभाव आधीपासूनच तिखट. मी ट्रंक उघडायच्या आधीच भांडायला उभी राहिले.

"नाना, मले ताजं पाणी पायजे."

"पाणी शिळं होत नसते, बाई. माणसाले तसं वाटते."

"मले वाटते ना!"

"मंग विहिरीवर जाऊन पेत जा," नाना अगदी प्रेमानं म्हणाले. "पण घरातलं पेसान तर वाराचं पेजा."

तीन दिवस मी तांब्या घेऊन विहिरीवर गेले. चौथ्या दिवशी पाय दुखले आणि हट्ट संपला. खोटं कशाला बोलू, गाळून, तुरटी फिरवून, फडकं बांधून ठेवलेलं ते पाणी गार होतं आणि गोड होतं. नानांना मात्र हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नाना साठीचे होते. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरं मुंडासं, आणि डोळे कायम कशाचा तरी अंदाज घेत असलेले. जन्मभर त्यांनी बुलढाण्याच्या धान्यबाजारात मापाडी म्हणून काम केलं होतं. दुसऱ्यांची ज्वारी, दुसऱ्यांची तूर पायलीनं मोजायची. धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन असं. नानांच्या तोंडाला ते इतकं बसलं होतं की ते काहीही मोजताना लाभच म्हणायचे. माझ्या आंघोळीचं पाणी बादलीत ओततानासुद्धा बाहेरून आवाज यायचा, "लाभ, दोन, तीन, चार, पाच. झालं बाई, याच्यात भागवा." पाच तांब्यांत माझे केस ओले व्हायचे आणि अंग कोरडं राहायचं. एवढ्यात आंघोळ करणारा मनुष्य साधू तरी असला पाहिजे नाहीतर मांजर तरी.

घर तीन खोल्यांचं, मातीचं. पण त्यात जे भरलेलं होतं ते पाहून मी थक्क झाले होते. स्वैपाकघरात चार कणग्या, बांबूच्या विणलेल्या, शेणामातीनं लिंपलेल्या, माझ्या डोक्याएवढ्या उंच. त्यात कडुनिंबाचा पाला आणि राख घालून ज्वारी. एरंडेल चोळलेली तुरीची डाळ मडक्यांत. मीठ वेगळं, आणि मिठाचं राखीव मीठ वेगळं. काडेपेट्या बाटलीत घालून वर मेण ओतलेलं. वाळवलेली गवार, वाळवलेली भेंडी, वाळवलेली वांगी. कंदिलाच्या सहा काचा भुशात पुरलेल्या. आणि माझ्या खोलीत, अगदी माझ्या खाटेखाली, पेव. म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, वर दगडी झाकण आणि त्यावर लिंपण. मला खोली का मिळाली तेही मग ध्यानात आलं. मास्तरीणबाई झोपली आहे म्हटल्यावर त्या खोलीत कोण पाय ठेवणार होतं?

नानांचा हिशेब सवा वर्षाचा. तीन पोटं, सवा वर्ष, कोणाच्या दारात न जाता. आणि त्यांचा कायदा एकच होता, जुनं आधी. जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. पण सवा वर्षाचं भरलेलं असताना जुनं संपणार कधी? शेतातली नवी ज्वारी आली की ती सरळ कणगीत जायची आणि आम्ही गेल्या साली पिकलेली खायचो. लोणचं गेल्या सालचं. चिंच गेल्या सालची. सगळ्या गावाचं पुढच्या सालात पाऊल पडलं तरी आमच्या घरात मागचंच साल चालू. मी एकदा चिडून म्हटलं, "नाना, या घरात म्या जन्म घेतला असता तर मले अजून एक वर्ष कमीच धरलं असतं." त्यावर ते खूप हसले होते. हसले की त्यांचे सगळे दात दिसायचे, आणि दातही सगळे शाबूत. तेही त्यांनी जपून वापरले असणार.

काकूंचं, म्हणजे नानांच्या बायकोचं, एकच दुःख होतं. नव्या ज्वारीची भाकर. ज्यानं खाल्ली आहे त्याला सांगायला नको. पीठ मळतानाच दुधासारखा वास येतो, भाकर तव्यावर टम्म फुगते आणि नुसती मिठासंगं गोड लागते. जुन्या ज्वारीला राखेचा आणि पाल्याचा वास, थापताना कडा चिरतात. मार्गशीर्षात शेजारच्या पिंजारी चाचांच्या घरातून नव्या भाकरीचा वास आला की काकू चुलीपुढे हात थांबवून बसायच्या.

"लगनाच्या पहिल्या साली खाल्ली होती," त्या मला म्हणाल्या. "एकतीस साल झाले."

"चाची देते ना. घ्या की एक."

"दुसऱ्याच्या घरची काय खा लागते, बाई? आपल्या वावरातली, आपल्या चुलीवरची पायजे. एकच पायजे. पण ह्यायले सांगून काय फायदा?"

मी नानांना सांगून पाहिलं. एक भाकर, एका बाईची, एकतीस वर्षांत एकदा. नानांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "हाव, बरोबर हाय तुमचं. जुनी संपली की खाऊ ना नवी." संतापानं मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण त्या दोन दिवसांत ते काडेपेट्या उन्हात घालत होते.

दिवाळी झाली की घरात बंदचा आठवडा असायचा. नाना त्याला तालीम म्हणत. सात दिवस बाजार नाही, विहीर नाही, शेजारून विरजणसुद्धा आणायचं नाही. सात रांजण, कणग्या आणि वाळवणं, यांच्यावर जगून दाखवायचं. मला फक्त शाळेत जायची परवानगी. पहिल्या वर्षी पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. वाळलेली गवार खाऊन जीभ लाकडासारखी झाली होती. शाळेतून येताना मी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी घेतली, वह्यांच्या गठ्ठ्यात दडवली आणि काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती घाईघाईत वाटली आणि आम्ही दोघींनी चुलीमागे बसून चटणी खाल्ली. काय ती चव! जेवायला नाना आले, पाटावर बसले आणि नाक वर करून म्हणाले, "घरात सांबार आला काय?"

काकू खाली वाकून चूल फुंकायला लागल्या.

"बाई, आज पाचवा दिवस व्हता ना?"

"हो."

"नाही. आज पहिला हाय."

आणि खरंच त्यांनी सगळे रांजण पुन्हा काठोकाठ भरून आठवडा पहिल्यापासून सुरू केला. काकू दोन दिवस माझ्याकडे डोळे वटारून पाहत होत्या आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एकट्याच खुदकन हसल्या.

गावानं नानांची कितीतरी कारणं काढली होती. कोणी म्हणे, बाजारात दुसऱ्याचं धान्य मोजून मोजून डोक्यावर परिणाम झाला. कोणी म्हणे, कोण्या बाबानं भविष्य सांगितलं. नानांना विचारलं, की कशासाठी हे सगळं, तर ते म्हणायचे, "दिवस येते." गावात विहिरीला पाणी कमी झालं तेव्हा मी विचारलं, आला का दिवस? "तो दिवस हा नाही." नदीला पूर येऊन आठ दिवस मोटार बंद होती तेव्हा विचारलं. "तो दिवस हा नाही."

मग लागोपाठ पाऊस गेला आणि दुष्काळाचं साल आलं. मला त्या उन्हाळ्याचं वर्णन करवत नाही. झाडं उभी वाळली होती. सगळं गाव खडी फोडायला जायचं. रेशनवर मिलो यायची, परदेशातली लाल ज्वारी. तिची भाकर थापली की तव्यावर फुटायची आणि खाल्ली की पोटात दगडासारखी बसायची. पिंजारी चाचांची घरवाली रोज ती भाकर पाण्यात बुडवून पोरांना भरवायची. भिंत एकच होती. पोरं रडायची ते आम्हाला ऐकू यायचं. आणि आमच्या घरात चार कणग्या भरलेल्या, माझ्या खाटेखाली पेव भरलेलं. मला रोज वाटायचं, आता नाना उठतील. नाना म्हणायचे, "पुढचं साल याच्याहून वंगाळ गेलं तर?"

एके दिवशी काकूंनी चाचीकडून आमची ज्वारी देऊन मिलोचं पीठ आणलं. नानांना आणि मला जुन्या ज्वारीची भाकर वाढली आणि स्वतः लाल भाकर घेऊन बसल्या.

"हे काऊन खाऊन राह्यली तू?" नानांनी विचारलं.

"गल्ली खाऊन राह्यली म्हणून."

"आपल्या घरी हाय ना!"

"हाय तर. तुमी खा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मीही लाल भाकर मागून घेतली. नाना एकटे पांढरी भाकर खात बसायचे आणि घास त्यांच्या तोंडात फिरत राहायचा. आठव्या दिवशी काकूंना पोटात कळा आल्या. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. ते पाहून माझं डोकं फिरलं. मी ओसरीत जाऊन मोठ्यानं म्हणाले, "नाना, तुमचा तो दिवस म्हणजे तुमच्या तेराव्याचा दिवस असेल! तेव्हा गाव जेवून जाईल पोटभर!"

नानांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि उठून शेताकडे निघून गेले.

काकूंनी मला आत ओढलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "तुमाले ठाऊक नाही, बाई. लगनाच्या दुसऱ्या साली असंच झालं होतं. घरात दाणा नव्हता. मले सातवा महिना होता. हे दिवसभर लोकाइच्या ज्वारीची मापं टाकत अन् घरी रिकाम्या हातानं येत. बाजारात सांडलेले दाणे वेचून आणत कवा कवा. पोरगी झाली. रडलीबी नाही. तवापासून हे असे झाले." मग म्हणाल्या, "हे माह्यासाठी हाय सगळं. मले म्हाईत हाय. म्हणून तं मी कवा भांडली नाही."

मी तिथेच खाली बसले. मला माझ्या जिभेची एवढी लाज त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. मी म्हटलं, "मग आता का लाल भाकर खाता?"

"बाजूच्या घरात चाचीची सून दोन जीवाची हाय," काकू म्हणाल्या. "तिच्यासमोर मी कशी खाऊ?"

नाना दुपारी परत आले. हातपाय न धुता चुलीपाशी आले. काकूंच्या ताटलीत उरलेली लाल भाकर होती, ती उचलली आणि उभ्या उभ्या खाल्ली. सगळी खाल्ली. पाणी प्यायले. मी दारात उभी होते, माफी कोणत्या शब्दांत मागावी ते मनात जुळवत होते. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, खाट सरकवा."

पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसतं. कोंडलेली हवा माणूस मारते. झाकण काढून ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच उघडं ठेवलं आणि मी काकूंजवळ निजले. सकाळी नानांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. पिंजारी चाचा कमरेला दोर बांधून तयार होते, कारण नानांना उतरायला आम्ही कोणीच देत नव्हतो.

"नाना, दिवा जळून राह्यला. उतरू काय?"

"थांब बे, घाई नको करू. जराक अजून पाहू."

चाचा उतरले. भिंतीलगतची ज्वारी काळी पडली होती, ती पाहून नानांनी डोळे मिटून घेतले. मधली चांगली निघाली. अंगणात ढीग झाला. आंबूस वास सुटला. गल्लीतली नऊ घरं दाराबाहेर येऊन उभी राहिली, पण पुढे कोणी येईना. एक म्हातारी हळूच काकूंना म्हणाली, "नानाले बरं हाय ना? डॉक्टरले दाखवलं काय?"

नानांनी पायली हातात घेतली. मापाडी मनुष्य, नुसतं वाटणं त्यांना येतच नव्हतं. कोणत्या घरात किती पोटं हे त्यांना माहीतच होतं. तान्ह्या पोराचं अर्धं माप, म्हाताऱ्याचं पाऊण. चाचींच्या सुनेचं माप आलं तेव्हा त्यांनी दोन मापं ओतली.

"एकच जण आहे ती," मी म्हटलं. मला वाटलं नाना मोजण्यात चुकले.

"दोन हायत," नाना म्हणाले.  मग त्यांनी पुढच्या घरासाठी पायली भरली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "लाभ!"

पेव संपल्यावर कणग्या उघडल्या. रांजणांचे वार गेले, सातही रांजणांतून ज्याला लागेल तो तांब्या भरून न्यायचा. नाना दर आठ दिवसांनी माप टाकायचे. मध्येच थांबून कणगीत वाकून पाहायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसायची. पण पुन्हा पायली भरायची. चाचींच्या सुनेला पोरगी झाली. ती इतक्या मोठ्यानं रडली की भिंतीपलीकडून ऐकून काकूंनी हात जोडले. नाना ओसरीत बसून होते. ते म्हणाले, "रडू द्या. लय बेस रडून राह्यली."

माझी पुढे मेहकरला बदली झाली, लग्न झालं, संसार झाला. माझ्या घरात मिठाची बरणी कधी रिकामी होत नाही आणि माझी मुलं मला त्यावरून चिडवतात. नाना-काकू दोघंही गेले, त्यालाही किती वर्षं झाली. पण नानांचं नाव निघालं की मला ते सात रांजण आठवत नाहीत आणि पेवही आठवत नाही. आठवतो तो पुढच्या सालचा मार्गशीर्ष.

पाऊस चांगला झाला होता. घरात जुन्या ज्वारीचा एक दाणा उरला नव्हता. कणग्या झटकून उन्हात पालथ्या घातल्या होत्या आणि नाना दिवसातून चार वेळा त्यांच्याभोवती फिरून यायचे. शेतातून नवी ज्वारी आली, त्याच दिवशी ती दळली, कारण खायला दुसरं काही नव्हतंच. काकूंनी पीठ मळलं.  भाकर तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्यावर उभी केली आणि ती फुगली. तो वास त्या घरात एकतीस वर्षांनी, नाही, बत्तीस वर्षांनी सुटला होता.

काकूंनी ती सवयीनं नानांच्या ताटात ठेवली. नानांनी ती उचलून त्यांच्या ताटात ठेवली.

"आधी तू."

"मी तुमच्या आधी कशी..."

"आधी तू म्हटलं ना."

काकूंनी तुकडा मोडला. मीठ लावून तोंडात घातला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मीही रडले, उगाच कशाला लपवू. नाना त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते.

"कशी हाय?"

"गोड हाय."

काकूंनी ती भाकर सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. तोवर दुसरी तव्यावरून उतरली होती. नानांनी ती आपल्या हातानं त्यांच्या ताटात वाढली.

"घे. अजून एक घे."

काकूंचा हात थांबला. त्यांनी अंगणातल्या पालथ्या कणग्यांकडे पाहिलं, मग नानांकडे.

"अन् उद्याले?"

"उद्याचं उद्या पाहू," नाना म्हणाले. "खा तू."

काकूंनी तीही भाकर खाल्ली.